तुमचं पडलं

तिसरीला मी सहा घोषणा शिकवल्या,
सहाही यमकात.
प्रभातफेरी सावळजच्या वेशीपर्यंत जाऊन आली
आणि वाटलेल्या बिस्किटांचे कागद
आमच्याच मागून वाऱ्यावर शाळेत परतले.
रांगेत नव्हते, एवढंच.

चौथीनं थर्माकोलची पृथ्वी केली होती.
तिचा चुरा अजून व्हरांड्यात सापडतो,
पांढरा, हलका, खराट्याला न जुमानणारा.

पाठाखाली वाक्प्रचार होता, केराची टोपली दाखवणे.
वाक्यात उपयोग करा.
विश्वतेज माळीनं लिहिलं,
'सरांच्या बोलण्याला आम्ही केराची टोपली दाखवली.'
मी बरोबरची खूण केली.
केराला मात्र ती अजून कुणी दाखवली नव्हती.

मग माघातल्या एका दुपारी
द्राक्षाच्या क्रेटांचा टेम्पो शाळेपुढं थांबला.
माणूस उतरला, आमच्या नळावर पाणी प्याला,
तंबाखूची पुडी मळून संपवली
आणि रिकामी टाकून वळला.

अल्फिया मुलाणी कुंपणाच्या फटीतून बाहेर.
वर्गात हजेरीपुरतं बोलणारी पोर,
'काका, ओ काका, तुमचं पडलं!'

त्यानं आधी खिसा चाचपला.
पाकीट होतं. मोबाईल होता.
किल्ली तर टेम्पोलाच.
तरी हात पुढं केला,
कारण काही पडलं म्हटलं की
माणूस हात पुढं करतोच.

तिनं पुडी दिली. चिमटीत धरून नाही,
अख्ख्या तळव्यावर ठेवून,
कुणाची नथ सापडल्यासारखी.

ती टिंगल करत नव्हती.
हे मला नीट सांगायला हवं.
तिच्या लेखी ते त्याचं होतं,
आणि त्याला ते लागणार होतं.

'बरं बाई,' म्हणाला तो.
पुडी सदऱ्याच्या खिशात गेली.
पुढं अग्रणीच्या पुलावर त्यानं काय केलं
ते इथून दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाला खूळच लागलं.
एकमेकांची पेन्सिलीची साल एकमेकांना परत.
खिचडीवाल्या कुसुममावशींना,
'मावशी, तुमचा कढीपत्ता पडला.'
केंद्रप्रमुखांना त्यांच्या चहाचा कागदी कप,
दोन्ही हातांनी.
विश्वतेजच्या आईचा निरोप आला,
'गुरुजी, पोराच्या चड्डीच्या खिशातनं
सात गोळ्यांचे कागद निघाले.
धुणं धुऊ का उकिरडा उपसू?'
मी सोमवारी एसटीतून उतरलो,
तिकीट बोटांतून कधी सुटलं कळलंही नाही.
मागून आवाज आला,
आणि मी, पंचवीस वर्षांची नोकरी,
खिसा चाचपला.

घोषणा आता मी घेत नाही.
भिंतीवर रंगवलेल्या तेवढ्या आहेत.
उन्हानं पोपडे धरलेत.
काल 'स्वच्छ'मधला 'च्छ' सुटून खाली आला.
अल्फियानं तो ओंजळीत घेतला,
भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

'सर, हे कुणाचं पडलं?'