नमुना ४४१७

ग्रिम्स्बीत उतरले आणि पहिलं काम केलं ते
नाकाला मफलर लावला.
गोदीकडून वारा सुटला की गावभर मासळी,
कोटात, उशीत, दुकानदाराने परत दिलेल्या नोटांत.
चार हिवाळे मी नाक मुरडत काढले.

कामही नाकाचंच निघालं.
इस्पितळाच्या तळघरात डब्या येतात,
वर आकडा, आत कुणाच्या तरी गालामागच्या पोकळीतलं
हिरवट-काळं, चिवट,
जुन्या चिंचेच्या कोळासारखं काही.
सर्जनला खरवडावंच लागलं असणार.

४४१७. स्त्री, एकसष्ट.
आजार : अकरा वर्षं. वास : नाही.
आणि व्यवसायाच्या रकान्यात, घाईच्या अक्षरात :
धुरीखान्यात हॅडकला धुरी देते.

रक्ताच्या बशीवर दुसऱ्या सकाळी सोनेरी ठिपके उगवले,
प्रत्येकाभोवती एक स्वच्छ कडं,
जेवढं खाल्लं तेवढं.
इथे काचेत ते सुटे दिसतात.
तिच्यात सुटे नसतात.
स्वतःच्याच चिकाचं छप्पर घालून
खेटून बसतात,
औषध कौलांवरून पाणी जावं तसं निघून जातं.

बुरशी मात्र सावकाश.
तिची बशी तीस अंशांवर, चार आठवडे,
आणि उगाच झाकण उघडायचं नाही.
काचपट्टीवर धागे मोजकेच होते, फाटे फुटलेले,
पण त्यांच्याभोवती
मेलेल्या पांढऱ्या पेशींचे ढीग,
त्या फुटून झालेले स्फटिक,
दोन्ही टोकांना अणकुचीदार.
एमरिस, आमचा वरिष्ठ, भिंगातून मान न काढता म्हणाला,
चोर बघ, उंबऱ्यातच बसून राहिलाय.
घर पाडलंय ते राखणदारांनी.

अहवालात असं लिहिता येत नाही.
मी लिहिलं : जिवाणू, भरपूर. पेशी, भरपूर.
बुरशी, तुरळक.

शनिवारी धुरीखान्याच्या खिडकीशी उभी होते
(पाहुणे यायचे होते, नाहीतर मी कशाला).
आतल्या भिंती काजळीने डांबरासारख्या चकाकत होत्या.
एक बाई, पांढरी टोपी, डोळ्यांखाली सूज,
मासा उचलून नाकाशी नेते,
थांबते,
मग अंगठ्याने दाबून बघते.
पुढचा उचलते. पुन्हा नाकाशी.

मला आकडा आठवला. तोंड मिटून ठेवलं. नियमच आहे तसा.
शिवाय धुरीखाना काही गावात एकच नाही.

तीच म्हणाली, पोरी, बघतेस का जरा,
झालाय का हा?
पूर्वी मला रस्त्यावरूनच कळायचं.

मी मफलर खाली केला. वाकले.
ओकचा भुसा, मीठ, आणि त्याखाली
भाकरीचा पापुद्रा तव्याला किंचित लागावा तसं.
तोंडून निघून गेलं, खरपूस.
काय?
झालाय, म्हटलं मी. झालाय.

तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
दोन्ही वेळा ख वर अडखळली.
मग मासा कागदात गुंडाळला,
पैसे मोजून घेतले, पूर्ण.

आज एकोणिसावा दिवस.
बशीच्या कडेला राखाडी लव धरलीय.
झाकणावरच्या पट्टीवर आकडा,
माझ्याच अक्षरात.