विड्यांच्या भावात

रजिताचं रक्त सात निघालं.
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं:
अंडी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे,
जमल्यास डाळिंब.
गोळ्या फुकट होत्या.
बाकीचं फुकट नव्हतं.

मी चिठ्ठी वाचते ती माझ्या हिशोबात.
रुपयाला पाच विड्या.
अंडं: पस्तीस.
अंबाडीची जुडी: शंभर,
तीही आमच्या घरकुलाच्या चढावर दुपारी तीनला पोचते,
खालच्या सगळ्यांनी निवडून उरलेली.
डाळिंब, एकच: दोनशे.
सांगोल्याकडचं आहे म्हणे. पेट्यांत बसून
जहाजानं जातं.
मी अजून जहाज बघितलेलं नाही,
डाळिंबानं बघितलंय.

किलोभर ज्वारी अडीचशे विड्यांची.
रेशनच्या तांदळाला एकही विडी लागत नाही,
म्हणून रोज भात.
पोट भरतं. डोळ्याची खालची पापणी ओढली
की तीही भातासारखी पांढरी.

मंडईला जायचं तर जाऊन-येऊन तीनशे.
तेवढ्या वेळात वळायच्या राहिल्या त्या तीनशे वेगळ्या.
कारकुनानं छाट काढून फेकल्या
त्या तर धरतच नाही.
भाजीला हात लावायच्या आधीच
माझं अर्धं सूप रिकामं.

बोल्लीची अनसूया म्हणाली, टमटम करू की गं.
अठरा जणी, माणशी पंच्याहत्तर.
भाव जैतुनबी करणार,
तिच्यापुढं अडत्यापण नमतो.
मंगळवारी पावणेपाचला निघालो,
पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवून.
मार्केट यार्डात मेथीचे एवढे ढीग
की मला आनंदाआधी राग आला.
एवढं होतं इथं?
रोज?

तिसऱ्या आठवड्यात टमटमवाला आलाच नाही.
कोथिंबिरीच्या वाटणीवरून
सहा जणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.
तरी शुक्रवारी गेलो,
न बोलणाऱ्या सहाजणीही,
मांडीला मांडी लावून.

रात्री रजिताला अंडं उकडून दिलं.
तिनं माझ्या सुपातला दोरा घेतला,
बरोबर मधून कापलं,
अर्धं माझ्या ताटात टाकलं.
"साडेसतरा तुझ्या."

मी म्हटलं, अर्धी विडी कोण वळतं गं?

पण खाल्लं.