सुहैल, म्हणजे

नावाचा रकाना अजून कोरा.
पहाटेचे सव्वाचार, सूरचं इस्पितळ.
एकोणीस तासांनी शमसाचा डोळा लागलाय.
बाळ आडवं होतं;
आता पाळण्यात मूठ चोखतंय
जसं काही झालंच नाही.

आजोबा आले, खमीस घैलानी,
एका पायात मोजा, एका पायात नाही,
हातात कहव्याचा थर्मास.
म्हणाले, लिही: सुहैल.
मी विचारलं, अर्थ?
सवयच लागलीय. बावीस वर्षांत इथली नावं
मी पगारापेक्षा जपून साठवलीत.

त्यांनी मला गच्चीत नेलं.
हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटलेली.
खाडीपल्याड ऐजाचा दिवा,
आणि दक्षिणेला, डोंगराच्या अगदी काठावर
एक तारा, थरथरता.

हा दिसला, ते म्हणाले, की उन्हाळ्याची पाठ मोडते.
आमच्या होकायंत्रावर ही दिशाच होती,
उगवता सुहैल, मावळता सुहैल.
याच्याच भरवशावर जयगडला खजूर उतरवला मी.
तुमच्यात काय म्हणतात याला?

अगस्ती, मी म्हटलं. यानं समुद्र पिऊन टाकला.
सगळा?
सगळा.
खलाशाला ते पटेना.
मग जहाजं कुठे गेली?
याचं उत्तर आमच्या गोष्टीत नव्हतं.

पण शब्द, मी पुन्हा, शब्दाचा अर्थ?
त्यांनी तळहात हवेत सपाट फिरवला:
सहल. चढ नसलेली जमीन. सोपं.
आणि सुहैल म्हणजे त्यातलं छोटं, लाडकं.
सोपुकलं, असं मी मनातल्या मनात करून घेतलं.
आमच्याकडे सहल म्हणजे शाळेची,
डब्यात पुरी आणि बटाट्याची भाजी.
नातं असेल, नसेल.

एकोणीस तास, मी म्हटलं, आणि हा सोपा?
म्हणूनच तर, ते म्हणाले.
नाव आधी सांगून ठेवायचं. मग तो शिकतो.

मग माझ्या बिल्ल्याकडे बोट:
आणि हे?

मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले.
देवरुखच्या दवाखान्यात मी जन्मले ती पायाळू.
आईला दोन दिवस, दोन रात्री,
बाहेर बाबा, न पेटवलेली विडी तोंडात.
गावात कुणाची पाठ धरली
की मला बोलावत, लाथ मारायला.
नाव मात्र आईनं ठेवलं. का, ते मी कधी
विचारलं नाही; तिनंही सांगितलं नाही.
गणिताच्या बाई हजेरी घेताना
त्या नावावर दरवेळी जरा हसत.

सुलभा, मी म्हटलं.
म्हणजे?
तेच.
तेच म्हणजे काय?
जे याचं, तेच.

म्हातारा काही बोलला नाही.
झाकणात कहवा ओतला,
आधी माझ्यापुढे धरला.

खाली येऊन रकाना भरला,
उजवीकडून डावीकडे.
पेन दोनदा अडलं.