दुसरं नाव

फॉर्मवर दोन रकाने आहेत.
पहिल्यात मिसेस क्विग्ली, इंग्रजीच्या. ते कधीच ठरलं होतं.
त्या अर्ध्या वर्गासाठी लिहितात
आणि त्यांच्या पत्रात प्रत्येक जण 'जिज्ञासू' असतो.
असू दे. मीही असेन.

दुसरा रकाना तीन आठवडे कोरा.

आई म्हणते, फादर लोबावना सांग की शब्द टाकायला,
तुझ्या कपाळावर पहिलं पाणी त्यांनीच घातलं.
मी म्हणते, आई, ज्यांनी विषय शिकवला असे हवेत.
ती मासे कापून आलेली, न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरून,
ओले मोजे सोलता सोलता म्हणते,
मग मी काय विषय नाही शिकवला तुला?

बाबा बोटीवर. फोनला मिनिटाचे पैसे पडतात,
म्हणून सल्ला तेवढ्यापुरताच:
ज्याच्यावर आपले उपकार असतील त्याला धर.
मी यादी करायला बसले.
सतरा वर्षांच्या मुलीचे उपकार
कुणावर असतात?

मिस्टर प्रेंडरगास्ट, रसायनशास्त्र. दोन्ही सत्रांत ए.
पण ते मला लिडिया म्हणतात, अजूनही.
लिडिया माझी बहीण, चार वर्षांपूर्वी शाळा सोडून गेली,
आता प्रॉव्हिडन्सला दात साफ करते लोकांचे.
त्यांनी लिहिलं
तर प्रवेश तिला मिळायचा.

पोहण्याच्या कोच दोन वर्षं ओळखतात मला.
त्यांच्या पत्रात मी टॉवेलांच्या घड्या घालेन, मन लावून.

राहिले मिस्टर अरूडा.
नाव लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.
खोली दोनशे चौदा, भौतिकशास्त्र, बी वजा.

दहावीतली ती चाचणी.
माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली,
बॉलपेननं लिहिलेली तीन सूत्रं.
ते बाकाशी आले. थांबले. वाकून हळूच म्हणाले,
इल्डा, हात धुऊन ये.
एवढंच.
नळाखाली शाई जाईना. साबण लावला, नखानं खरवडलं,
मनगट लाल झालं.
परत आले तर बाकावर नवा कोरा पेपर, उलटा ठेवलेला,
आणि भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं.
एकेचाळीस गुण मिळाले.
घरी काही कळलं नाही. शाळेलाही नाही.
त्यानंतर वर्षभर दर गुरुवारी मी त्यांच्याकडे थांबत होते,
त्यांनी बोलावलं नव्हतं
आणि मीही कारण सांगितलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर गेले.
ते प्रयोगाच्या वायरी गुंडाळत होते, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
कोळी दोर गुंडाळतात तसं.
मी पाठ केलेली तीन वाक्यं
दारातच सांडली.
म्हणाले, मलाच का?
मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे म्हणून.

वायर गुंडाळून होईपर्यंत बोलले नाहीत.
मग म्हणाले, तेही लिहू?
मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा.
(हे धैर्य नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही.)
कधीपर्यंत हवंय, विचारलं.
एक नोव्हेंबर.
कागद सापडेना, तेव्हा पेन काढून
तारीख त्यांनी स्वतःच्या मनगटावर लिहिली.
हसले नाहीत. मीही नाही.

रात्री शेवटची चौकट उरली:
हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडते.
म्हणजे माझ्यावर लिहिलेलं एक पान
कुठल्यातरी थंड गावातली अनोळखी माणसं वाचतील,
कॉफी पीत, माझ्याआधी, माझ्याशिवाय,
आणि त्यात ती सूत्रं असतील की नसतील
हे मला म्हातारपणीही कळणार नाही.

आईनं सिंकमध्ये सार्डिन ठेवले होते,
अर्धे मी साफ केलेले.
पडद्यावर प्रश्न आला, खात्री आहे?

बोटं खवल्यांनी चमकत होती.
मी उठून आधी हात धुऊन आले.