पट्टी

तेगिद दुकानात शिरला तो मान खाली घालून,
बाहेरच्या कुणाला वाटावं
खोकल्याचं औषध न्यायला आलाय.
बेथेस्दा गाव ते केवढं,
खाणीच्या टोकाला शिंकलं
तर चॅपलच्या टोकाला कुणी रुमाल शोधतं.

मी नळी पुढे केली.
श्वास घ्या, पंधरा मोजेपर्यंत धरा, आता फुंका.
आकडा आला सव्वीस.
"बरा की वाईट?"
एखाद्या जुन्या मोटारीला शोभेल, मी म्हटलं.
तो हसला
आणि ते हसू खोकल्यात गेलं, परत आलंच नाही.

एकोणचाळीस वर्षं, रोजच्या पंचवीस.
बँगरची बस चालवतो.

मी डबी उघडून दाखवली.
एकवीस मिलिग्रॅम. दंडावर, रोज नवी जागा,
खाज येईल थोडी, येऊ द्या.
आणि हे च्युइंगम; हे पोरांसारखं चघळायचं नाही,
दोनचारदा चावा, जीभ चुरचुरली
की गालात दडवून ठेवा, भाड्याचे सुटे पैसे ठेवावेत तसं.
"दोन्ही एकदम?"
पट्टी दिवसभर सोबत करते,
गम ऐन वेळी धावून येतो.

"पण बाई, सुटते का याने?"

काउंटरच्या या बाजूला वीस वर्षं उभी आहे मी.
नुसत्या जिद्दीवर जितक्यांची सुटते
त्याहून जास्त जणांची सुटते याने.
आणि तरीही
बहुतेकजण परत फिरतात, पुन्हा येतात, पुन्हा फिरतात.
हे दोन्ही मी एका दमात सांगितलं.
मी औषधं विकते, अंगारा नाही.

दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, स्वप्नं पडतात फार.
काल रात्री बस समुद्रावरून नेली,
प्रवासी सगळे मासे, तरी तिकीट मागितलंच.
झोपताना काढून ठेवा पट्टी, मी सांगितलं.
जरा हिरमुसला.

चौथ्यात आकडा तीन.
त्याने तो कागदावर लिहून मागितला, तारीख घालून.

सातव्यात आला नाही.
आठव्यातही.
मग डेपोच्या मागच्या भिंतीशी दिसला,
मुठीच्या आत पेटती लपवलेली, शाळकरी पोरासारखी,
शेजारी आयोर्वर्थ, मेकॅनिक,
दोघं गप्प, पाटीच्या दगडाच्या ढिगाकडे बघत.
मी छत्री जरा खाली घेतली
आणि न पाहिल्यासारखी पुढे गेले.

मार्चमध्ये आला. स्वतःच नळी मागितली.
एकोणीस.
"रक्ताला हवं ते तुमची पट्टी देते, बाई,
तक्रार नाही.
पण दहा चाळीसला आयोर्वर्थ भिंतीशी येऊन थांबतो.
बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलत नाही.
माझ्याशीही नाही.
पण उभा राहतो.
त्या दहा मिनिटांची पट्टी
कुठल्या कपाटात ठेवता?"

सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
पीळ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.
मी एकवीसची नवी डबी काढली
आणि गमची एक जास्त ठेवली,
कशाला, तेही सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.

पुढचं मी पाहिलं ते एका रविवारी,
त्याच्या बसमध्ये, पहिल्या सीटवरून.
ऊन डोळ्यावर आलं म्हणून त्याने झडप खाली ओढली
आणि तिच्या पाठीला कातडीच्या रंगाचे चौकोन,
वापरून झालेल्या पट्ट्या, ओळीने चिकटवलेल्या,
मोठ्या, मग जरा लहान,
मध्ये एक मोकळी जागा, चांगली हातभर,
कुणी मुद्दाम सोडावी तशी,
आणि मग पुन्हा मोठ्या.

मोजायला घेतल्या.
एकतीसवर माझा थांबा आला.

उतरताना सवयीने म्हटलं,
वापरलेली पट्टी दुमडून टाकायची असते, तेगिद,
आत औषध उरतं, एखाद्या लेकराच्या हाती लागेल.

"माहीत आहे," तो म्हणाला,
गालातलं काहीतरी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सारत.
"अजून थोडी जागा आहे.
आयोर्वर्थचीही सुरू झालीय, सोमवारपासून.
तो टूलबॉक्सला चिकटवतो."

दार मिटलं.
डिझेलचा धूर तेवढा मागे राहिला, तोही वाऱ्यावर.