दोन क्रेडिट पॉइंट

विट्याहून सकाळची एसटी. सांगलीत उतरले
तर मार्केट यार्डाकडून हळदीचा वास.
म्हटलं, नाक तरी शाबूत आहे.

विश्रामबागेत लग्नाच्या हॉलला आज आमचा बॅनर,
कालच्या कुणाची तरी झेंडूची माळ
एका टोकाला तशीच लोंबत.
नोंदणीच्या टेबलावर पिशवी मिळाली :
पॅड, पेन, नाकातल्या फवाऱ्याचा नमुना, भडंगाचं पाकीट.
“मॅडम, सही दोनदा. एक आत्ता, एक संध्याकाळी.
नाहीतर पॉइंट मिळत नाहीत.”
पाच वर्षांत तीस लागतात. माझे अठ्ठावीस झालेत.

मी मागे बसते. मागे आमची जुनी माणसं.
कवठेमहांकाळचा आवटी, इस्लामपूरचे मगदूम,
ज्यांनी पोरांच्या नाकाकानांतून जन्मभर
चिंचोके, हरभरे, खडूचे तुकडे बाहेर काढले
आणि बरणीत जपून ठेवले.

पुढे प्रणिता बोलत होती.
माझ्याकडे सहा महिने होती तेव्हा
कपाळावरचा आरसाही नीट बसत नव्हता तिचा.
आता कानात दुर्बीण घालून
कोपऱ्यापलीकडचं दाखवते,
जिथं आम्ही तीस वर्षं अंदाजानं गेलो.
तिनं आकडा सांगितला, हॉलनं टाळ्या वाजवल्या.
मी आवटीला म्हटलं, “आठ पेशंटांवर कसला निष्कर्ष?”
“साठ,” तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, “साठ गं.”

जेवणाची रांग लांब होती
म्हणून स्टॉलवरच्या पोराकडे बसले.
श्रवणयंत्रांची कंपनी, फुकट तपासणी, पाच मिनिटं.
टाय नवा, गाठ आईनं बांधलेली असावी.
हेडफोन लावला. बटण दाबत राहिले.
मग बराच वेळ दाबलं नाही.

कागदावर रेघ तीन हजारापर्यंत सरळ चालली
आणि चार हजारावर विहिरीत उतरावी तशी उतरली.
पोरगा माझा बिल्ला वाचत म्हणाला,
“वयोमानानं, मॅडम, थोडंफार...”
हे वाक्य माझं आहे.
यंत्रमागावरच्या बायकांना मी हेच सांगते,
साखर कारखान्याच्या गड्यांना हेच,
आणि पुढे : चष्मा लावता ना? मग याची लाज कसली?

दुपारी हाडं आली.
कुणीतरी देह दिलेला. ट्रेवर चिठ्ठी, अकरा नंबर.
कानामागचं हाड कोरत आत जायचं,
नस दिसली पाहिजे, दुखावता कामा नये.
ड्रिल फिरलं, पाणी दुधासारखं झालं,
आणि एका जागी माझा हात थांबला.
प्रणिता शेजारी उभी. “इथंच कशा थांबलात?”
“आवाज बदलतो ना,” मी म्हणणार होते.
आवाज मी ऐकलाच नव्हता.

मिरजेचा कादर मिस्त्री आठवला, तानपुरे करणारा.
ऑपरेशनआधी दोन वर्षं तो
भोपळ्यावर तळवा ठेवून तार लावायचा.
मी तेव्हा हसले होते. म्हटलं होतं,
“कादरभाई, असं काही पुस्तकात नाही.”

प्रणितानं पुन्हा विचारलं.
मी म्हटलं, “परत सांग. या बाजूनं.”
आणि मान फिरवली.

संध्याकाळी दुसरी सही केली.
आज काय शिकलात, या रकान्यात
आवटीनं ‘उत्तम जेवण’ लिहिलं. माझा कोराच राहिला.

तासगावच्या पुढे द्राक्षबागांवर अंधार पडला.
तपासणीचा कागद पिशवीत घडी करून,
त्यावरच पाकीट फोडलं.
कंडक्टर काहीतरी म्हणाला, सुट्ट्याबद्दल असावं.
भडंग मात्र लख्ख ऐकू येत होतं,
प्रत्येक दाणा, प्रत्येक तळलेला लसूण,
जबड्यातून, हाडातून, सरळ आत.