पाच मिनिटांची मुभा

नागभीडवरून अठरा किलोमीटर, शेवटचे चार मुरमाचे.
ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीमागं
एक कोंदट कोठडी. तिच्यात सर्व्हर,
आणि लोखंडी मांडणीवर, फिनाईलच्या कॅनशेजारी
तो काळा डबा
ज्याच्यात अख्ख्या तालुक्याची हाडं ठेवली आहेत.

"सकाळपासून जुने फोटो खुलूनच नाही राहिले जी,"
दुधराम निकुरे म्हणाला. सतरा वर्षं तो
लोकांना श्वास रोखायला सांगतो,
आज स्वतःचाच रोखून उभा.

बाकावर रेवताबाई कोडापे.
मोहफुलं वेचून येताना पडली होती दोन वर्षांमागं,
मांडीत सळई. आता पुन्हा ठणकते.
डॉक्टरांना जुना फोटो शेजारी धरून पाहायचाय
सळई सरकली का.
तिची गाडी साडेचारची.

मी वायरीपासून सुरू केलं, नेहमीसारखं.
वायर शाबूत. हिरवा दिवा लुकलुकतोय.
सर्व्हरवरून हाक मारली, डब्यानं लगेच ओ दिली.
म्हणजे घरात माणूस आहे, कडी तेवढी काढत नाही.
पत्ता तपासला. नाव बरोबर, वाट बरोबर.
पासवर्ड दुधरामनं खिशातल्या चिठ्ठीवरून वाचला,
मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल, तोही बरोबर.
तरी उत्तर एकच: प्रवेश नाकारला.
फायरवॉल उतरवून पाहिली, परत चढवली.
सर्व्हर बंद करून चालू केला
(हे मी काही सुचेनासं झालं की करतो,
गिऱ्हाइकाला तसं सांगत नाही).
डबा ताकास तूर लागू देईना.

दुधरामनं चहा आणला. कोराच. शेळी आटली म्हणे.

मग नोंदींच्या पार तळाशी
सर्व्हरनं लिहून ठेवलेलं सापडलं:
वेळ जुळत नाही.
ही यंत्रं अशीच. एकमेकांची ओळख पटवताना
आधी घड्याळं ताडून पाहतात.
पाच मिनिटांची मुभा. त्याच्या वर फरक पडला
की समोरचा तोतया.

डब्याला विचारलं, तुझ्याकडं किती वाजले?
म्हणाला, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
सकाळचे अकरा चाळीस.

रस्ता खोदताना आठ दिवसांमागं इंटरनेटची वायर तुटली,
रात्री लाईन गेली, पोटातला बटणसेल मेलेला.
सकाळी जाग आली तेव्हा वेळ विचारायला कोणी नव्हतं,
तर त्यानं मोजणी जिथून सुरू होते
तिथूनच सुरू केली, बिचाऱ्यानं.

मी जरा थांबलो.
डब्याच्या हिशोबानं तालुक्यात अजून
एकही हाड मोडलेलं नाही.
हा दवाखाना धानाची बांधी आहे.
दुधराम जन्मायचाय.
आणि रेवता तीन वर्षांची,
मोहाखाली, आईच्या टोपलीभोवती
धावतेय दोन्ही पायांवर.
अशा वेळी कोणी येऊन तिच्या सळईचा फोटो मागितला
तर तोतयाच म्हणायचं त्याला, दुसरं काय.

"झालं का जी?" बाकावरून आवाज.

एक ओळ लिहिली. एंटर दाबलं.
छप्पन वर्षं एका दमात गेली, पंख्याचा सूरसुद्धा बदलला नाही.
फोल्डर उघडला, आणि एकामागून एक
हाडं परत मोडू लागली. मनगटं, बरगड्या,
बंडीच्या चाकाखालचा एक पाय,
कोडापे रेवता, वय सत्तावन्न,
काळ्यावर पांढरी मांडी, सहा स्क्रू.
डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी लावले
आणि दार लोटून घेतलं.
साडेचारची गाडी तिला मिळाली,
मला माहीत आहे ते एवढंच.

परतताना नागभीडला रंगारी घड्याळवाल्याकडं
बटणसेल घेतला, चाळीस रुपये.
"कोणत्या घड्याळात टाकता?"
दवाखान्यातल्या, मी म्हणालो.
"मंग धा मिनिटं पुढं ठेवजा," तो म्हणाला,
भिंगातून मान वर न काढता.
"तिथं सारे उशिराच येतेत."